हिऱ्याचं टूल पोलादाने का खाल्लं?

पत्राचा गोषवारा: नाशिकच्या एका ताईंचं घरचं जॉबवर्कचं छोटं युनिट अंबड एमआयडीसीत आहे. दोन सीएनसी लेथ (संगणकाच्या सूचनांवर चालणारी, धातू फिरवून कापणारी यंत्रं), मोजकी माणसं. मशीनचं काम दीर बघतात. मिस्टरांची तब्येत बिघडल्यापासून खरेदी आणि हिशेब ताईंकडे आले. ईएन ३१ पोलादाच्या हार्डनिंग केलेल्या, म्हणजे तापवून-बुडवून कठीण केलेल्या, पिनांचं एक नियमित काम त्यांच्याकडे असतं. हार्डनिंगनंतरचं फिनिशिंग बाहेर ग्राइंडिंगला द्यावं लागतं, त्यात पैसेही जातात आणि दिवसही. म्हणून ते लेथवरच करायचं ठरलं. नेहमीचे कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाला बसवायचे कापणारे तुकडे, टिकेनात, तेव्हा ताईंनी विक्रेत्याला विचारलं, "तुमच्याकडे सगळ्यात हार्ड काय आहे?" त्याने हिऱ्याचे, म्हणजे पीसीडीचे, चार इन्सर्ट दिले. किंमत कार्बाइडच्या कितीतरी पट. पहिला चौथ्या पिनेलाच गेला, दुसऱ्याचंही तेच झालं. "टोक तुटलं नाही, गोल झालंय आणि वर गुळगुळीत खळगा पडलाय," असं त्या लिहितात. दिरांचं म्हणणं, नव्या ऑपरेटरने मशीन ठोकलं असणार, त्याच्या पगारातून कापा. तो मुलगा आयटीआय करून आलेला, दिंडोरीकडचा. "वहिनी, मी काहीच केलं नाही," म्हणताना रडवेला झाला. ताईंना विक्रेत्याचा संशय येतो: हिरा नकली असेल. आणि बारावीतली मुलगी विचारते, हिरा जगात सगळ्यात कठीण, मग तो पोलादाने झिजला कसा? ताईंचा प्रश्न असा की दोष कुणाचा धरायचा. पगार कापू, विक्रेत्याशी भांडू, की हे काम पुन्हा बाहेरच देऊ?

प्रिय ताई,

आधी त्या मुलाविषयी लिहिते. बाकी सगळं पुढच्या महिन्यात दुरुस्त करता येईल. त्याचा पगार एकदा कापला आणि नंतर तो निर्दोष होता असं कळलं, तर पैसे परत देता येतील, पण त्याचा तुमच्यावरचा विश्वास परत आणणं अवघड जाईल.

तो निर्दोष असल्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. टूल चकला, म्हणजे जॉब पकडून फिरवणाऱ्या भागाला, किंवा जॉबला धडकलं की टवका उडतो आणि तुटलेली कड खडबडीत दिसते. तुम्ही लिहिता की टोक गोल झालं, वर गुळगुळीत खळगा पडला, आणि दोन्ही इन्सर्टवर तसंच दिसलं. धडक दोनदा इतकी एकसारखी होत नाही. सराफ वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, दिरांना बरोबर घेऊन दोन्ही टोकं नीट बघा. कड गुळगुळीत खाल्ली गेली असेल तर ते उष्णतेचं आणि रसायनाचं काम आहे. ऑपरेटरने कितीही काळजी घेतली असती तरी हेच झालं असतं. कायदाही त्याच्या बाजूने आहे. हाती सोपवलेल्या वस्तूचं नुकसान कामगाराच्या निष्काळजीपणामुळेच झालं असेल तर, आणि त्याला आपली बाजू मांडायची संधी दिल्यावरच, पगारातून कपात करता येते.

नकली हिऱ्याचा तुमचा संशय मला समजतो. इतके पैसे गेले की तोच विचार आधी येतो. पण खरा हिरा तापलेल्या पोलादासमोर अगदी असाच वागतो. इन्सर्टची डबी अजून असेल तर ती काढा. कुठल्या धातूसाठी कुठलं टूल हे दाखवणारी अक्षरं आणि रंग आयएसओने ठरवून दिलेले आहेत, बहुतेक कंपन्या ते डबीवर छापतात. पी म्हणजे पोलाद, रंग निळा. एम म्हणजे स्टेनलेस, पिवळा. के म्हणजे बीड, लाल. एन म्हणजे ॲल्युमिनियम, तांबं, पितळ असे लोखंड नसलेले धातू, हिरवा. एस म्हणजे उष्णतेला टिकणारे मिश्रधातू आणि टायटॅनियम. एच म्हणजे हार्डनिंग केलेलं पोलाद, करडा. तुमच्या डबीवर हिरवा एन असण्याची दाट शक्यता आहे. तसं असेल तर कंपनीने खरंच सांगितलं होतं. ते तुमच्यापर्यंत पोचवायचं काम विक्रेत्याचं होतं, त्याने केलं नाही. जॉब कुठल्या मटेरियलचा आहे हे न विचारता इतकं महाग टूल हातात देणं ही त्याची चूक आहेच. पण ती फसवणूक म्हणता येणार नाही, आणि त्याच्याशी बोलताना हा फरक लक्षात ठेवला तर तुम्हाला काहीतरी पदरात पाडून घेता येईल.

आता तुम्ही दुकानात विचारलेल्या त्या प्रश्नाकडे येते. "सगळ्यात हार्ड काय?" हा प्रश्न आपण सगळेच असा विचारतो, कारण कठीणपणा म्हणजे एक शिडी आणि हिरा तिच्या वरच्या पायरीवर, असं शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. ती शिडी फ्रीडरिश मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये मांडली. कोण कोणावर ओरखडा काढतो एवढंच ती सांगते. टाल्क १, हिरा १०, माणिक-नीलम ज्या खनिजाचे प्रकार आहेत ते कोरंडम ९. पण ९ आणि १० मधलं अंतर बाकीच्या पायऱ्यांसारखं नाही. टोकदार हिरा दाबून खळगा किती मोठा पडतो हे मोजलं, तर हिरा कोरंडमच्या सुमारे चौपट कठीण भरतो. अशाच खळग्यावरून काढलेल्या कठीणपणाच्या आकड्याला व्हिकर्स आकडा म्हणतात. तुमच्या कामाच्या वस्तूंचे ते आकडे ढोबळमानाने असे: हार्डनिंग केलेली तुमची पिन ७०० च्या आसपास, कार्बाइड १५०० च्या पुढे, घन बोरॉन नायट्राइड नावाचा पदार्थ ४५०० च्या जवळ, आणि नुसता हिरा ८,००० ते १०,०००. या आकड्यांवर तुमचं गणित बरोबरच होतं. फक्त हे सगळे आकडे थंड, स्थिर, कशाशीही रासायनिक संबंध नसलेल्या अवस्थेतले आहेत. लेथवर यातलं काहीच नसतं.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं, म्हणून हा भाग तिला वाचायला द्या. बारावीत तिला कार्बनची संयुजा चार असल्याचं शिकवलं असेल. हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांशी बांधलेला असतो. चारही बंध सारखे, ०.१५४ नॅनोमीटर लांब, एकमेकांशी १०९.५ अंशांचा कोन करणारे. त्या चार शेजाऱ्यांचे पुन्हा चार, त्यांचे आणखी चार, असं जाळं खड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जातं. एका घनसेंटीमीटरमध्ये १७६ वर २१ शून्यं इतके अणू बसलेले असतात. नेहमीच्या दाबाखाली इतकी दाट वस्ती दुसऱ्या कुठल्याही पदार्थात नाही. १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या मदतीने ही रचना उलगडली.

याच कार्बनचं दुसरं रूप पेन्सिलीत असतं. ग्राफाइटमध्ये प्रत्येक अणू तीनच शेजाऱ्यांशी बांधलेला असतो आणि सपाट थर तयार होतात. इथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. थराच्या आतले ग्राफाइटचे बंध ०.१४२ नॅनोमीटरचे, म्हणजे हिऱ्यातल्या बंधांहून आखूड आणि जास्त मजबूत आहेत. तरी ग्राफाइट बोटाला लागतं, कारण दोन थरांमध्ये ०.३३५ नॅनोमीटरची फट आहे आणि तिथली ओढ फार क्षीण आहे. म्हणजे बंध किती घट्ट एवढ्यावर कठीणपणा ठरत नाही. तो सगळ्या दिशांना सारखा घट्ट आहे का, हेही बघावं लागतं. पदार्थ हार मानतो तो त्याच्या सगळ्यात कमकुवत दिशेला.

मग धातूंचं काय? लोखंडातले अणूही घट्ट धरलेले असतात, पण त्यांच्या बंधांना ठरावीक दिशा नसते. इलेक्ट्रॉन सगळ्यांचे सामाईक असतात, त्यामुळे अणूंची एक ओळ शेजारच्या ओळीवरून सरकली तरी धातू एकसंध राहतो. आणि अख्खी ओळ एकदम सरकतही नाही. कार्यालयात अंथरलेली भली मोठी सतरंजी ओढून हलत नाही, पण एका टोकाला वळी पाडून ती वळी पायाने पुढे ढकलत नेली की सतरंजी तेवढी सरकते. धातूच्या स्फटिकात अशाच वळ्या असतात, त्यांना विस्थापन म्हणतात. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. धातू वाकतो, ठोकून पसरतो, त्याची तार निघते, ते या वळ्या सहज फिरतात म्हणून. हिऱ्यात वळी एक पाऊल पुढे सरकायची तर दिशा ठरलेले बंध मोडावे लागतात, म्हणून ती साध्या तापमानाला जवळजवळ हलतच नाही.

तुमची पिन याच नियमाचं उदाहरण आहे. ईएन ३१ मध्ये साधारण एक टक्का कार्बन आणि दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम असतं. हार्डनिंगच्या आधी तिचा व्हिकर्स आकडा २०० च्या आसपास असतो, तेव्हा कार्बाइड तिला आरामात कापतं. मग ती ८०० अंशांच्या वर तापवतात. त्या तापमानाला लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि नव्या मांडणीत कार्बनला शिरायला जागा होते. लगेच तेलात बुडवली की लोखंड जुन्या मांडणीकडे परतू लागतं, पण कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो आत अडकतो, जाळी ताणली जाते आणि वळ्यांची वाट बंद होते. तेच अणू, तेवढंच वजन, कठीणपणा मात्र तिपटीहून जास्त. भट्टीतून आलेली पिन हातात घेतली तर फारसा फरक दिसत नाही, आणि म्हणूनच तिच्या टूलचा विचार वेगळा करावा लागतो हे सहज निसटतं.

आता तुमच्या इन्सर्टचं काय झालं ते. लोखंडाला कार्बन विरघळवून घेण्याची सवय आहे. पोलाद तयार होतं तेच या सवयीमुळे, आणि वर सांगितलेलं हार्डनिंगही तिच्याच जोरावर चालतं. हार्ड पोलाद टर्न करताना धारेच्या टोकाशी तापमान ७०० ते १००० अंशांपर्यंत जातं. कूलंट, म्हणजे थंड करणारं द्रव, सोडलं तरी चिप, म्हणजे कापून निघणारी धातूची पट्टी, टूलवर जिथे दाबून घासते तिथपर्यंत ते पोचत नाही. त्या एवढ्याशा जागेत तापलेलं लोखंड आणि शुद्ध कार्बनचा हिरा एकमेकांना चिकटून घासत असतात. हवा आणि लोखंड दोन्ही नसतील तर हिरा सुमारे १५०० अंशांपर्यंत तग धरतो. लोखंडाच्या संगतीत मात्र ७०० अंशांच्या आसपासच त्याची मांडणी ढिली पडू लागते. कार्बन ग्राफाइटकडे वळतो, लोखंडात विरघळतो आणि चिपबरोबर निघून जातो. पोलादाने हिऱ्यावर ओरखडा काढलेला नाही, ते त्याला शक्यच नाही. त्याने हिरा थोडा थोडा गिळला. तुम्हाला दिसलेला गुळगुळीत खळगा तो हाच. त्यात पीसीडी म्हणजे एकसंध हिरा नव्हे. हिऱ्याचे बारीक कण कोबाल्टच्या मदतीने दाबून केलेला थर असतो, आणि कोबाल्टही लोखंडाच्याच स्वभावाचा. इतक्या उष्णतेत तो आतून हिऱ्याला ग्राफाइट व्हायला मदत करतो.

हिरा मुळात ग्राफाइट व्हायला तयार असतो हेच पुष्कळांना माहीत नसतं. जमिनीवरच्या दाबाला कार्बनचं स्थिर रूप ग्राफाइट हे आहे. हिरा टिकून राहतो तो एवढ्याचसाठी की त्याचे बंध मोडून नवी मांडणी करायला लागणारी ऊर्जा साध्या तापमानाला मिळत नाही. मुलीला आवडेल अशी एक गोष्ट यातच आहे. डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांनी प्रचंड दाब आणि उष्णता देऊन कृत्रिम हिरा बनवला. तेव्हापासून कारखान्यांत दाबाने हिरा बनवताना लोखंड, निकेल, कोबाल्ट हेच धातू वितळवून वापरले जातात. कार्बन त्यांच्यात विरघळतो आणि दाब पुरेसा असल्यामुळे हिरा होऊन बाहेर पडतो. जो धातू तुमच्या लेथवर हिरा खातो, तोच तिथे हिरा घडवतो. दाब बदलला की कार्बनची वाट उलटी फिरते.

तुमच्या शॉपमधल्या जुन्या माणसांना यातलं बरंच अनुभवाने माहीत असतं. ग्राइंडिंग व्हीलला धार लावायचा डायमंड ड्रेसर वर्षानुवर्षं चालतो, कारण व्हील ॲल्युमिनियम ऑक्साइडचं असतं आणि त्याला कार्बन नको असतो. विडियाच्या, म्हणजे कार्बाइडच्या, टूलला डायमंड व्हील लावतात, पण एचएसएसच्या, म्हणजे हायस्पीड पोलादाच्या, टूलला कुणी लावत नाही. टूल ग्राइंडरवाल्याला "का?" विचारलंत तर "लोखंडाला डायमंड चालत नाही" एवढंच सांगेल. ते पुरेसं आहे. खरेदीच्या आधी हे वाक्य तुमच्यापर्यंत पोचलं नाही, कारण खरेदी ऑफिसात होते आणि ते वाक्य शॉपफ्लोअरवर असतं. माझ्या मते तुमच्या युनिटमध्ये दुरुस्त करायची खरी गोष्ट ही आहे. यापुढे नेहमीपेक्षा वेगळं टूल घ्यायचं असेल तेव्हा ऑपरेटर, दीर आणि तुम्ही तिघांनी जॉबचं ड्रॉइंग समोर ठेवून पाच मिनिटं बोलायचं, मगच पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, काढायची. बोलायचं तीन गोष्टींवर: मटेरियल काय आणि किती एचआरसी (रॉकवेल मापातला कठीणपणा), कट अखंड आहे की मध्ये भोक किंवा खाच येते, आणि टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, किती.

मधल्या भोकाचं एवढ्यासाठी विचारायचं की कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. ऐरणीवर घण सोसतो तोच खरा हिरा, हा अभंगातला दृष्टांत संतांच्या सहनशीलतेसाठी आहे. प्रत्यक्षात खरा हिरा घणाने फुटतो. त्याच्या स्फटिकात चार दिशांची अशी प्रतलं आहेत की त्यांना ओलांडणारे बंध तुलनेने विरळ असतात, आणि त्या दिशेने नेमका घाव बसला की तो सरळ दुभंगतो. कलिनन हा ३,१०६ कॅरेटचा हिरा १९०८ मध्ये ॲम्स्टरडॅमला असाच पातं ठेवून घावाने फोडला गेला. वळ्या हलत नाहीत म्हणून हिरा कठीण, आणि त्या हलत नाहीत म्हणूनच त्याला घाव झेपत नाही: दबून, वाकून ताण जिरवायची सोय त्याच्यात नाही, मग तडा पळतो. तडा पसरायला होणारा विरोध मोजला तर कार्बाइड हिऱ्याच्या दुप्पट-तिप्पट भरतं, कारण त्यात टंगस्टन कार्बाइडच्या कणांभोवती कोबाल्ट असतं आणि ते थोडं दबतं. अंगठीतल्या हिऱ्याचा कोपरा ओट्यावर आपटून उडाला म्हणून सराफावर संशय घेणाऱ्या वाचकांनाही माझं हेच सांगणं. खडा फुटला यावरून तो खोटा ठरत नाही. आणि खरा आहे का हे बघायला घरी काचेवर ओरखडे काढू नका. काचेवर गारगोटीही ओरखडा काढते. रत्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र घ्या.

आता पुढे काय करायचं. तुमच्या पिनांसाठी योग्य पदार्थ बहुधा वरच्या आकड्यांत कार्बाइड आणि हिरा यांच्या मधला, घन बोरॉन नायट्राइड. शॉपमध्ये सगळे सीबीएन म्हणतात. बोरॉनकडे बाहेरच्या कक्षेत तीन इलेक्ट्रॉन आणि नायट्रोजनकडे पाच. दोघांचे मिळून आठ, म्हणजे दोन कार्बन अणूंइतकेच. त्यामुळे हे दोन अणू आलटून पालटून बसले की हिऱ्यासारखीच मांडणी तयार होते. १९५७ मध्ये रॉबर्ट वेन्टॉर्फ यांनी तो पहिल्यांदा बनवला, त्याच जनरल इलेक्ट्रिकमध्ये. कठीणपणा हिऱ्याच्या साधारण निम्मा, पण लोखंडाला द्यायला त्याच्याकडे कार्बनच नाही, आणि हवेत १००० अंशांच्या वरही तो टिकतो. आकड्यात निम्मा असलेला पदार्थ तुमच्या पिनेवर हिऱ्याहून कितीतरी जास्त चालेल.

पण लगेच चार सीबीएन मागवू नका. आधी पिनांचा एचआरसी खात्रीने माहीत करून घ्या. ज्यांच्याकडून हार्डनिंग करून घेता त्यांच्याकडे रॉकवेल टेस्टर असतोच, प्रत्येक लॉटचा रिपोर्ट मागायची सवय लावा. सीबीएन ढोबळमानाने ४५ एचआरसीच्या वर शोभतो. मऊ पोलादावर तोही लवकर झिजतो, तिथे कोटिंगचं कार्बाइडच बरं. अखंड कट असेल तर सीबीएनचं प्रमाण कमी असलेला ग्रेड मागा, मध्ये भोक येत असेल तर चिवट ग्रेड. फिनिशिंगला कट ०.१ ते ०.३ मिलिमीटर आणि कटिंग स्पीड मिनिटाला १०० ते १८० मीटरच्या दरम्यान ठेवून सुरुवात करा, मग विक्रेत्याच्या इंजिनियरसमोर कमी-जास्त करा. अखंड कटला बहुतेक वेळा कोरडंच चालवतात. कूलंट थांबून थांबून पडलं तर धार गरम-थंड होऊन तडकते, त्यामुळे सोडायचं तर सतत, नाहीतर बंद. लेथ जुना असेल, स्पिंडलला खेळ असेल, तर हार्ड टर्निंगचा विचार सोडून द्या. चांगलं टूल सैल मशीनवर फुकट जातं.

ग्राहकाला विचारायचं विसरू नका. ड्रॉइंगवर ग्राइंडिंग असं लिहिलेलं असेल तर परवानगीशिवाय प्रक्रिया बदलता येत नाही. शिवाय झिजलेल्या टूलने हार्ड टर्निंग केलं की पृष्ठभागावर एक पातळ, ठिसूळ पांढरा थर तयार होतो, आणि सतत भार झेलणाऱ्या पिनेत तिथून तडा सुरू होऊ शकतो. टूल कधी बदलायचं हे पिनांच्या संख्येवर ठरवून टाका, दिसेल तेव्हा बदलू असं नको.

काम पुन्हा बाहेर द्यायचं का, याचा निर्णय रागात घेऊ नका. कागदावर मांडा: एका धारेला किती पिना निघतात, धारेची किंमत, मशीनचा वेळ, समोर ग्राइंडिंगचा दर, ने-आण आणि अडकून पडणारे दिवस. आकडा ग्राइंडिंगच्या बाजूने आला तर त्यात कमीपणा नाही. महिन्याला थोड्याच पिना असतील तर तसंच येईल असा माझा अंदाज आहे. पिना भरपूर असतील आणि टॉलरन्स फार बारीक नसेल तर सीबीएनकडे वळा. पहिला इन्सर्ट ट्रायलसाठी मागा, विक्रेत्याला मशीनवर उभं राहून दाखवायला सांगा. झाल्या प्रकारानंतर तो नाही म्हणणार नाही. त्याच्याशी बोलताना नकली शब्द काढू नका. "मटेरियल न विचारता तुम्ही एन ग्रेड दिला, उरलेले दोन परत घ्या किंवा सीबीएनमध्ये बदलून द्या," एवढं सरळ म्हणा.

मुलीला एखाद्या रविवारी सिन्नरच्या गारगोटी खनिज संग्रहालयात घेऊन जा, त्या ऑपरेटरलाही यायचं असेल तर न्या. आपल्या भागातल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारे झिओलाइटचे स्फटिक तिथे बघायला मिळतात. त्यातला स्टिल्बाइट आणि गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, दोन्ही मुख्यतः सिलिकॉन-ऑक्सिजनच्या बंधांचे बनलेले. क्वार्ट्झचा मोस आकडा ७, सुरीच्या पात्यावर ओरखडा काढतो. स्टिल्बाइटचा चारच्या आत, सुरीनेच त्याच्यावर ओरखडा निघतो. बंध त्याच जातीचे, पण झिओलाइटच्या जाळीत पाणी राहील एवढ्या मोकळ्या वाटा आहेत. अणूंची मांडणी बदलली की काय होतं हे एवढं स्पष्ट दाखवणारी जोडी नाशिककरांना तासाभराच्या अंतरावर मिळते, आणि बारावीच्या पुस्तकातला धडा तिथे डोळ्यांना दिसतो.

दिरांशी बोलणं तुम्हीच करा, आणि त्या मुलासमोर करा. भिंगातून टोक दाखवा, डबीवरचं अक्षर दाखवा. दिरांना मशीनचं ज्ञान तुमच्याहून जास्त आहे, ते खळगा बघून लगेच समजतील. त्यांना कमीपणा वाटू नये म्हणून सीबीएनच्या ट्रायलची जबाबदारी त्यांच्याकडे द्या आणि मशीनवर त्याच मुलाला उभं करा.

न वापरलेले दोन इन्सर्ट विक्रेत्याने परत घेतले नाहीत तरी ते वाया गेलेले नाहीत. सिलिकॉन असलेल्या ॲल्युमिनियमच्या कास्टिंगवर पीसीडीच्या तोडीचं काही नाही. त्यातले सिलिकॉनचे कठीण कण कार्बाइडची धार खातात, हिऱ्याचं काही बिघडवत नाहीत. सातपूर-अंबडला गाड्यांच्या सुट्या भागांची अशी कामं फिरत असतात, एखादं मिळतं का बघा. झिजलेल्या दोन टोकांना पुन्हा धार लावून देणारेही असतात. थर किती उरलाय ते आधी त्यांना दाखवा, दर विचारा आणि मगच द्या.